म्हाताऱ्या कुत्र्यांचा सांभाळ : चारठाण्याच्या ग्रामसभेस खुले पत्र

प्रति,
सरपंच, सदस्य व ग्रामसभा,
चारठाणा, ता. जिंतूर, जि. परभणी.



भटक्या कुत्र्यांविषयी गावोगावी चालणारी चर्चा बहुधा दोनच गोष्टींवर येऊन थांबते : कुत्री किती वाढली आणि त्यांनी कोणाकोणाला चावे घेतले. दोन्ही काळज्या रास्त आहेत. परंतु ज्या कुत्र्याचे दात झिजले आहेत, ज्याला धड दिसत नाही आणि जे उकिरड्यावरही तरण्या कुत्र्यांपुढे टिकत नाही, त्याचे पुढे काय करायचे, हा प्रश्न त्या चर्चेत सहसा निघतच नाही. प्रस्तुत पत्र त्या एका प्रश्नापुरते आहे. अपघातातून उचललेली, मालकाने सोडून दिलेली किंवा कायद्याने नेहमीच्या जागेवरून हलवावी लागणारी वयस्क कुत्री हा त्याचा विषय, आणि अशा कुत्र्यांसाठी चारठाण्याने वेगळे निवारागृह बांधण्याच्या भानगडीत न पडता ती घरोघरी व आखाड्यांवर सांभाळायला द्यावीत, मात्र औषधपाण्याचा खर्च आणि शेवटची जबाबदारी ग्रामपंचायतीने स्वतःकडे ठेवावी, ही त्यातील सूचना आहे.

सूचना आत्ताच करण्याचे कारण कायद्यात आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली केंद्र शासनाने मार्च २०२३ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू केले आणि २००१ चे जुने नियम मागे पडले. नव्या नियमांनुसार मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण, म्हणजे शस्त्रक्रियेने प्रजनन थांबवणे, आणि रेबीजविरोधी लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याचे काम स्थानिक संस्थेकडे येते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील सर्व मोकाट कुत्री निवारा केंद्रांत हलवण्याचा आदेश दिला, २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो सौम्य करून लस दिलेली व निर्बीज केलेली कुत्री, पिसाळलेली वा आक्रमक नसल्यास, परत सोडण्यास सांगितले, आणि ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके व रेल्वेस्थानके यांच्या आवारातील कुत्री तेथून हलवून निवाऱ्यात ठेवावीत व पुन्हा त्याच आवारात सोडू नयेत असे बजावले. आता असे पाहावे की गावातले सर्वांत म्हातारे, सर्वांत निरुपद्रवी आणि सर्वांत ओळखीचे कुत्रे बहुधा नेमके याच जागांवर सापडते, कारण शाळेत डब्यातले उरलेले मिळते, स्थानकावर छप्पर मिळते आणि दवाखान्याच्या ओट्यावर कोणी हुसकत नाही. हा आदेश गावात शब्दशः राबवायचा झाला, तर पहिला फटका अशा कुत्र्यांना बसेल.

निवारा या कल्पनेविषयी ग्रामसभेने भाबडे राहू नये. गावाला माहीत असलेली जवळची व्यवस्था म्हणजे कोंडवाडा, आणि मोकाट जनावर मालक येईपर्यंत थोडे दिवस डांबून ठेवण्यापुरती ती ठीक आहे. म्हाताऱ्या कुत्र्याला सोडवायला मात्र कोणी येणार नसते. एका छपराखाली वेगवेगळ्या गल्ल्यांतली कुत्री एकत्र आली की भांडणे होतात, त्यांत दुबळे आधी जखमी होते, खाण्याच्या भांड्यापर्यंत ते शेवटी पोचते, आणि कॅनाइन डिस्टेंपर किंवा पार्व्हो यांसारखे विषाणुजन्य आजार, जे लस न दिलेल्या जनावरांच्या गर्दीत झपाट्याने पसरतात, ते शिरले की प्रतिकारशक्ती ओसरलेल्या शरीराचा निभाव लागणे अवघड जाते. शिवाय सांधे धरलेल्या कुत्र्याला ओल्या सिमेंटच्या फरशीवर झोपवणे हाच एक आजार आहे. पुष्कळ मोठ्या शहरांनाही असा निवारा नीट चालवता आलेला नाही, तेव्हा एका ग्रामपंचायतीने त्याचे बांधकाम काढणे म्हणजे उद्घाटनाची कोनशिला आणि पाठोपाठ दुर्गंधीच्या तक्रारी, इतकेच हाती लागण्याचा संभव अधिक.

याला पर्याय असलेली पद्धत जगभर ‘फॉस्टर’ या नावाने ओळखली जाते आणि शहरी प्राणिप्रेमींच्या मराठीतही हाच शब्द रुळला आहे. दत्तक घेणे आणि फॉस्टर करणे यांत फरक असा की दत्तकात जनावराची मालकी, खर्च आणि दायित्व सगळे घेणाऱ्याकडे जाते, तर फॉस्टरमध्ये दायित्व संस्थेकडेच राहते आणि कुटुंब फक्त जागा, अन्न व लक्ष देते. ही व्यवस्था मुळात पिल्लांसाठी, कायमचे घर मिळेपर्यंतच्या मधल्या काळापुरती वापरली गेली. वयस्क कुत्र्याला कायमचे घर मिळण्याची आशा थोडी असते, म्हणून अमेरिकेतील टेनेसी राज्यात २०१२ साली सुरू झालेल्या ‘ओल्ड फ्रेंड्स’ या म्हाताऱ्या कुत्र्यांच्या आश्रयस्थानाने ती मुदतच काढून टाकली. कुत्रे आसपासच्या कुटुंबात मरेपर्यंत राहते आणि पशुवैद्यकाचा खर्च संस्था उचलते. न्यायालयाच्या २२ ऑगस्टच्या आदेशातही इच्छुकांनी स्थानिक संस्थेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घ्यावे आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची हमी घ्यावी, अशी वाट ठेवली आहे. ती तरण्या कुत्र्यासाठी पुरेशी असली, तरी मूत्रपिंड निकामी होत आलेल्या बारा वर्षांच्या कुत्र्याची हमी कापसाच्या भावावर वर्ष काढणाऱ्या घराने एकट्याने घ्यावी, ही अपेक्षाच अवास्तव ठरते.

महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण मोकाट नव्हे, तर नोकरीतून निवृत्त झालेल्या कुत्र्यांचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात स्फोटके हुडकणारी पोलिसांच्या श्वानपथकातील मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर ही चार लॅब्रॅडॉर कुत्री निवृत्तीनंतर विरारच्या एका शेतावर सांभाळण्यात आली आणि २०१६ या एकाच वर्षात, काही महिन्यांच्या अंतराने, चौघांचाही म्हातारपणी शेवट झाला. ज्यांच्या नावावर शौर्याची नोंद होती त्यांनाही अखेरीस राजधानीच्या शहरात नव्हे, तर शेतावर आणि खाजगी सांभाळात जागा मिळाली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. शेत ही गोष्ट चारठाण्याकडे मुबलक आहे.

किंबहुना या व्यवस्थेचा निम्मा भाग गावात आधीच अस्तित्वात असतो. परभणी-हिंगोलीकडे शेतातल्या घर-गोठ्याला आखाडा म्हणतात, आणि रानडुकरांच्या व चोरांच्या धास्तीने आखाड्यावर कुत्रे असतेच. सालगडी त्याला भाकरी टाकतो, ते रात्री जागते, आणि मालक कोण असे विचारल्यास उत्तर संदिग्ध मिळते. या सैल नात्यावर एरवी सगळे निभते, पण कुत्रे म्हातारे झाले की ते फाटते, कारण राखण होत नाही म्हणून नवे पिल्लू आणले जाते आणि जुने आपोआप गावाकडे सरकते. दुसरे कारण स्थलांतराचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कुलूप लागलेल्या घराच्या दारात राहिलेल्या तरण्या कुत्र्याला ते पाच-सहा महिने काढता येतात, म्हाताऱ्याला येतीलच असे नाही. या घरांना निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल, कारण जिथे पोरांची शाळा सुटते तिथे कुत्र्याची सोय कोण पाहणार. पण तेवढ्या महिन्यांपुरते ते कुत्रे रीतसर दुसऱ्या घरी ठेवून परतल्यावर परत देणे, हा सांभाळाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी खर्चाचा प्रकार असून सुरुवात तेथूनच करता येण्यासारखी आहे.

सांभाळ करायचा तो कशाचा, हे आधी समजून घ्यावे लागेल. मोठ्या चणीचे कुत्रे सात-आठ वर्षांनी आणि लहान चणीचे त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वयस्क समजले जाते. माणसाचे सात म्हणजे कुत्र्याचे एक, हा लोकप्रिय हिशेब कामाचा नाही, कारण कुत्रे पहिल्याच वर्षात तारुण्यात येते आणि पुढची वर्षे चणीनुसार वेगळ्या वेगाने जातात. आपले गावठी कुत्रे घरात नीट राहिले तर बारा-पंधरा वर्षे जगते. मोकाट कुत्र्याचे जन्मवर्ष कोणालाच ठाऊक नसते, म्हणून पशुवैद्यक पुढच्या दातांची झीज, तोंडावरची पांढरी लव आणि डोळ्यांची स्थिती यांवरून अंदाज बांधतो. डोळ्यांबाबत एक गैरसमज नेहमीचा आहे : वयाबरोबर डोळ्यातील भिंग घट्ट होऊन त्यावर निळसर झाक येते, तिने दृष्टी फारशी जात नाही, मोतीबिंदूत मात्र भिंग पांढरे व अपारदर्शक होऊन नजर खरोखर जाते, आणि दोन्ही दुरून सारखे दिसत असल्याने निदान घरी करू नये. नजर गेलेले कुत्रे वासावर आणि सवयीवर आश्चर्य वाटावे इतके सराईत वावरते, अट इतकीच की बाज, रांजण आणि खाण्याचे भांडे रोज जागा बदलणार नाहीत. चारठाण्याला यात एक खास धोका आहे. ज्या जुन्या मंदिरांसाठी आणि बारवेसाठी हे गाव ओळखले जाते, त्या बारवेच्या खोल पायऱ्या उन्हाळ्यात गारव्यासाठी उतरणाऱ्या सांधे धरलेल्या किंवा आंधळ्या कुत्र्याला परत चढता येतीलच असे नाही, तेव्हा अशा कुत्र्याचे घर निवडताना बारवेपासूनचे अंतर पाहणे हा विनोद नव्हे.

सांधेदुखी हा या वयातला सर्वांत सार्वत्रिक त्रास आहे आणि तो ओरडण्यातून क्वचितच कळतो. कुत्रे उठताना मागचे पाय ओढते, शहाबादी फरशीवर घसरते, पायरीपाशी थांबते किंवा चिडके होते, आणि घरचे म्हणतात की ते आळशी झाले. गोणपाटाची जाड घडी, भिंतीच्या आडोशाची कोरडी जागा, वाढलेली नखे कापणे आणि वजन वाढू न देणे यांनी निम्मा त्रास कमी होतो. उरलेल्यासाठी वेदनाशामक लागते, आणि नेमकी येथेच चूक घडते, कारण घरात असलेली माणसाची गोळी अर्धी करून भाकरीत दिली जाते; आयब्युप्रोफेनसारखी औषधे कुत्र्याच्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात, पॅरासिटामॉलही अंदाजाने दिल्यास घातक ठरते. तीच गोष्ट गोचिडांची. बैलांवर फवारायचे गोचीडनाशक उरले म्हणून कुत्र्याच्या अंगावर ओतणे खेड्यात सर्रास चालते, त्यातून विषबाधा होते, कारण कुत्रे अंग चाटते आणि मात्रा बैलाच्या हिशेबाने विरघळवलेली असते. गोचीड दुर्लक्षून मात्र चालत नाही. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडांतून रक्तात शिरणारे सूक्ष्मजीव ताप, फिकट पडलेल्या हिरड्या आणि नाकातून रक्त अशा रूपात प्रकटतात, आणि वेळेत उपचार झाले तर पुष्कळ कुत्री वाचतात.

आहाराच्या बाबतीत मराठवाड्याचे स्वयंपाकघर फारसे अडत नाही. ज्वारीची भाकरी बिनमिठाच्या, बिनकांद्याच्या मटणाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात कुस्करून, सोबत उकडलेले अंडे, एवढ्यावर दात पडलेले कुत्रे निभते; कांदा-लसणाने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि बेदाणे-द्राक्षांनी मूत्रपिंड बिघडू शकते, म्हणून शिळी भाजी आणि प्रसादाचा शिरा यांपासून ते दूर ठेवावे. कुत्रे अचानक खूप पाणी पिऊ लागले आणि वारंवार लघवीला जाऊ लागले तर ते उन्हाळ्याचे लक्षण आहे असे मानून गप्प बसू नये. ते मूत्रपिंडाच्या विकाराचे, मधुमेहाचे किंवा निर्बीजीकरण न झालेल्या कुत्रीमध्ये गर्भाशयात पू साठल्याचे लक्षण असू शकते, आणि शेवटच्या प्रकारात विलंब जिवावर बेततो. काही कुत्र्यांना वयात विसरभोळेपणाचा खराखुरा आजार होतो. ती रात्री निष्कारण भुंकतात, कोपऱ्यात तोंड करून उभी राहतात, ओळखीच्या माणसावर गुरगुरतात. असे झाल्यास कुत्रे ‘बाधले’ असे न म्हणता पशुवैद्यकाला दाखवावे. परभणीत नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी असे महाविद्यालय असणे ही राज्यातल्या बहुतेक ग्रामपंचायतींना न लाभलेली सोय आहे. त्याच्याशी पत्रव्यवहार करून वर्षातून दोनदा गावात तपासणी ठेवता आली, तर रोजच्या किरकोळ उपचारांना शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना पुरू शकेल.

लोकांच्या भीतीचा मुद्दा टाळून हा विषय पुढे नेणे बरोबर नव्हे. म्हातारे कुत्रे निरुपद्रवी असते ही अर्धीच खरी गोष्ट आहे, कारण ऐकू न येणाऱ्या कुत्र्याला झोपेत लहान मुलाने हात लावला तर ते दचकून चावते, आणि दुखऱ्या कंबरेवर थाप पडली तरी चावते. म्हणून सांभाळात दिल्या जाणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला रेबीजची लस आधी, नंतर दरवर्षी, आणि रांगती मुले असलेल्या घरात असे कुत्रे शक्यतो नाही, ही अट कडकपणे पाळावी. रेबीज हा विषाणूमुळे होणारा, लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ निश्चितपणे प्राण घेणारा रोग आहे. चावा झाल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन ताबडतोब आरोग्य केंद्र गाठणे आणि लशीचे सर्व डोस पुरे करणे याला कोणताही झाडपाला पर्याय नाही. भारताने २०३० पर्यंत कुत्र्यांमार्फत होणारा रेबीज संपवण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर केले असून, जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एखाद्या प्रदेशातील सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळत राहिली तर संसर्गाची साखळी तुटते. नोंदवहीतल्या म्हाताऱ्या, लस दिलेल्या कुत्र्यांची या हिशेबात भर पडते, तर हुसकून लावलेल्यांची जागा बाहेरून येणारी बिनलशीची कुत्री घेतात.

श्रद्धेच्या बाजूने या सूचनेला गावात विरोध व्हावा असे काही दिसत नाही. खंडोबाच्या पायाशी कुत्रे आहे, दत्ताभोवती चार आहेत, महाभारतात स्वर्गाच्या वाटेवर युधिष्ठिराने सोबत आलेल्या कुत्र्याला सोडण्यास नकार दिला. आणि कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मगाव नरसी तर १९९९ मध्ये हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. मात्र अशा कथा कीर्तनात डोळे ओले करतात आणि पंचायतीच्या अंदाजपत्रकात उतरत नाहीत, हा अनुभव सार्वत्रिक असल्यामुळे त्यांच्यावर फार विसंबू नये. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. पुढे त्याच शहरात १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था आणि नंतर परळचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. रागाला इमारत, पगार आणि डॉक्टर मिळाले तेव्हाच तो टिकाऊ झाला.

सांभाळ कोणाला द्यावा याविषयी सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘मटव्हिल’ या, २००७ पासून केवळ वयस्क कुत्र्यांसाठी चालणाऱ्या संस्थेचा अनुभव विचारात घेण्यासारखा आहे. ती ज्येष्ठ नागरिकांना म्हातारी कुत्री आवर्जून देते, कारण दोघांचाही चालण्याचा वेग आणि झोपेच्या वेळा जुळतात. मुले पुण्या-संभाजीनगरला गेलेली आणि मोठ्या वाड्यात दोनच माणसे उरलेली घरे चारठाण्यालाही अपरिचित नसावीत. तरी यात सावधगिरी हवी : पायात घुटमळणाऱ्या कुत्र्याला अडखळून पडल्यास सत्तरीच्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते, आणि उचलून रिक्षात घालावे लागणारे वीस किलोचे कुत्रे अशा घरात देणे म्हणजे दोघांवरही अन्याय. तेथे लहान चणीचे कुत्रे द्यावे आणि गल्लीतला एक तरणा हाताशी नेमून ठेवावा.

ग्रामपंचायतीकडून लागते ते मोजकेच आहे. एक नोंदवही, जिच्यात कुत्र्याची खूण, अंदाजे वय, लशीची तारीख, सांभाळणारे घर आणि अडचण आल्यास कुत्रे परत घेण्याची पंचायतीची लेखी हमी असेल. ही हमी सर्वांत महत्त्वाची, कारण ‘गळ्यात पडेल’ या भीतीनेच लोक नाही म्हणतात. ग्रामनिधीतून औषधांसाठी छोटी, स्वतंत्र तरतूद. आणि शेवटाविषयीचा स्पष्ट नियम. २०२३ च्या नियमांप्रमाणे असाध्य आजारी किंवा प्राणांतिक जखमी कुत्र्याला, तसे निदान रीतसर झाल्यावर, पात्र पशुवैद्यकाकडून इंजेक्शनने वेदनारहित मरण देता येते. नुसते म्हातारपण हे त्याचे कारण होऊ शकत नाही, आणि तो निर्णय सांभाळणाऱ्या घरावर टाकणे योग्य नाही, कारण ज्या बाईने दोन वर्षे भाकरी कुस्करून घातली तिला ही सही करायला लावणे क्रूरपणाचे ठरेल. ती सही पंचायतीने नेमलेल्या माणसाची असावी, खड्डा खणण्याची मजुरीही पंचायतीने द्यावी, आणि तो विहिरी-बारवांपासून दूर व पुरेसा खोल असावा.

पहिल्या वर्षी चार-पाच कुत्र्यांपलीकडे जाऊ नये. शाळेच्या, स्थानकाच्या आणि दवाखान्याच्या आवारातील वयस्क कुत्री आधी मोजून घ्यावीत, ऊसतोडीला निघणाऱ्या घरांकडून दसऱ्यापूर्वी नावे मागवावीत, आणि येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर या दोन कामांपुरता ठराव घ्यावा, अशी विनंती आहे.